पडवळकाकांची वाफ

ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि मधल्या समस्त खाडीपट्ट्यातील सुजाण व भुकेल्या नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या या परिसरात सकाळचा सर्वांत उत्तम नाश्ता कुठे मिळतो, हा प्रश्न गेल्या पाडव्याला सकाळी पावणेअकराच्या सुमारास कायमचा निकालात निघालेला आहे. यापुढे या विषयावर कुणी भांडू नये. निकाल लागला तेव्हा मी जातीने हजर होतो. माझ्या एका हातात पडवळकाकूंची पर्स होती आणि दुसऱ्या हातात पडवळकाकांचा फेटा. साक्षीदार म्हणून याहून मोठी पात्रता कुणाकडे असेल तर त्याने खुशाल पुढे यावं.

वसंत पडवळ आमचे शेजारी. डोंबिवली पूर्वेला आमची जुनी चार मजली इमारत, तिच्यात दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एक. आडनाव ऐकून लोक लांबट, सडसडीत माणसाची अपेक्षा करत. काका मात्र भोपळ्याच्या जातीतले. गोल, घट्ट आणि टिकाऊ. कोलशेतच्या एका कंपनीत त्यांनी तेहतीस वर्षं बॉयलर सांभाळला. बॉयलर सांभाळणं म्हणजे पाण्याची वाफ करायची, ती जिथे हवी तिथे धाडायची आणि वाटेत कुठे गळत तर नाही ना, यावर डोळा ठेवायचा. निवृत्त झाल्यावर बॉयलर सुटला, डोळा सुटला नाही. भिंतीपलीकडून ते माझ्या बायकोला ओरडून सांगत, "वैशाली, कुकरची रिंग बदल गं! शिट्टी दमेकरी येतेय."

"वाफ खोटं बोलत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्यांनी इडलीबद्दल वापरलेलं मी ऐकलंय, नगरसेवकाबद्दल ऐकलंय आणि आमच्या इमारतीतल्या एका होऊ घातलेल्या जावयाबद्दलही. त्या मुलाला त्यांनी चहा दिला, तो त्याने थंड होईपर्यंत तसाच ठेवला, आणि काकांनी निर्णय दिला, "गरम चहा समोर असताना जो बोलत बसतो, त्याच्याकडून संसारात काय अपेक्षा ठेवणार?" लग्न झालं. संसार उत्तम चाललाय. काका अजून वाट बघतायत.

काकू म्हणजे शालिनीकाकू. बारीक, चटपटीत आणि मोजकं बोलणाऱ्या. काकांची पहिली पाळी असे तेव्हा त्या साडेचारला उठून नाश्ता करत, आणि निवृत्तीनंतर पाचला उठून करू लागल्या. त्या घरात एक नियम होता, तो कुणी केला हे कुणालाच आठवत नव्हतं. पहिली वाफ काकांची. कढईवरचं झाकण उघडलं की पहिली बशी त्यांच्यापुढे. काकू म्हणत, "तुम्ही बसा, मी मागून खाते." मग मुलगी खाई, पाहुणे खात, भांडीवाल्या बाईंनाही बशी मिळे. आणि साडेनऊच्या सुमारास भिंतीपलीकडून आवाज येई : खर्र, खर्र, खर्र. उलथन्याने कढई खरवडल्याचा. त्या आवाजावर मी अंघोळीला जात असे.

"बघ," वैशाली दरवेळी म्हणे, "बिचाऱ्या सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं, थंड झालेलं खातात आणि लगेच घासायला घेतात. तुम्हा पुरुषांना काही लाज?"

मी लाज वाटल्यासारखा चेहरा करून टॉवेल घेई.

तर त्या काकू दोन वर्षांपूर्वी गॅलरीत पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं ते पाडव्याच्या आदल्या दिवशी. डॉक्टरांनी सांगितलं, कढई उचलायची नाही, रवा भाजत बसायचं नाही, मनगटाला जपा. दुसऱ्या दिवशी गुढी उभी करून मी प्रसाद द्यायला शेजारी गेलो, तर घरात तह चालू होता.

"मी रिटायर झालो, आता तू हो," काका म्हणत होते. "निदान सकाळपुरती. उद्यापासून नाश्ता बाहेर."

"बाहेरचं मला जात नाही."

"चांगलं मिळालं तर जाईल."

"कुठे मिळतं?"

"अगं, ठाण्यापासून कल्याणपर्यंत पावलापावलावर नाश्ता आहे!"

काकूंनी डाव्या हाताने कडुनिंबाची पानं निवडता निवडता काकांकडे पाहिलं. "ठीक आहे. एक जागा दाखवा. एकच. जिथे बशी पुढे आली आणि मी नाव न ठेवता संपवली, तर दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी गॅसला हात लावणार नाही. पुढच्या पाडव्यापर्यंत मुदत. नाहीतर मनगटाचं नाव काढायचं नाही."

"सुहास," काका माझ्याकडे वळले, "तू साक्षीदार."

अशा रीतीने माझी नेमणूक झाली. साक्षीदार हे नुसतं म्हणायला. माझ्याकडे स्कूटर आणि एक छोटी गाडी होती, हे खरं कारण. पद्धत अशी ठरली की रविवारी सकाळी काका आणि मी स्कूटरवरून पाहणी करायची, जागा पास झाली की पुढच्या रविवारी काकूंना गाडीतून न्यायचं.

पहिल्या रविवारी मी उत्साहाने मोबाईल काढला आणि कुठल्या हॉटेलला किती तारे आहेत ते वाचून दाखवू लागलो.

"हे तारे कोण देतं?"

"लोक देतात, काका."

"कुठले लोक?"

"कुठलेही."

"अरे, बॉयलरचं प्रेशर गेजवर बघतात. रस्त्यावरच्या माणसाला विचारून नाही. ठेव तो फोन."

काकांचं गेज म्हणजे त्यांचा चष्मा. बशी पुढे आली की ते देवाला वाकावं तसे तिच्यावर वाकत. काचा धुरकटल्या तर पास. नाही धुरकटल्या तर एक घासही न खाता ते बशी माझ्याकडे सरकवत. त्या वर्षी माझं वजन कसं वाढलं, हे आता कुणी विचारू नये. उन्हाळ्यात पंचाईत झाली. मे महिन्यात काचाच इतक्या तापलेल्या असत की वाफ त्यांना दाद देईना. काकांनी यावरही तोड काढली. हॉटेलात शिरल्यावर आधी गार पाण्याचा ग्लास मागवायचा, त्यात चष्मा दोन मिनिटं बुडवायचा, पुसायचा, घालायचा आणि मग वाकायचं. ठाण्यात तलावपाळीजवळच्या एका वेटरने हे सगळं शांतपणे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, ते पाणी नंतर पिणार आहेत का?"

तयार पातेल्यातलं काकांना चालत नसे. "पुढचं कधी निघणार?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नवं पातेलं उतरेपर्यंत ते शेगडीशेजारी उभे राहत, झाकणाच्या कडेने निघणाऱ्या वाफेकडे बघत, आणि मधूनच आचाऱ्याला म्हणत, "आता कमी कर. कमी कर. हां." कल्याणला एका पोहेवाल्याच्या गाडीवर असंच चाललं होतं. तो गडी पंधरा मिनिटं पोहे हलवत राहिला. मग झारा खाली ठेवून म्हणाला, "काका, तुम्हाला पोहे खायचेत की इंजिन चालवायचंय?"

काका खूश झाले. "ह्या माणसाच्या पोह्यात दम असणार," ते मला म्हणाले. चष्मा धुरकटला. इतका धुरकटला की त्यांनी पहिला घास अंदाजाने घेतला.

पुढच्या रविवारी काकू आल्या. पोहे आले, वाफाळलेले, वर खोबरं, कोथिंबीर. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते, जसा परीक्षेचा निकाल बघावा तसे. काकूंनी दोन घास खाल्ले, तिसरा घेतला आणि तर्जनीने बशी बोटभर पुढे सरकवली.

"काय झालं?"

"काही नाही. चांगलेत."

"मग?"

"जीभ भाजली. चव काही कळली नाही."

"गरम आहेत म्हणून चांगले आहेत गं!"

"असतील."

ती बोटभर पुढे सरकलेली बशी पुढे वर्षभर मला स्वप्नात दिसे. आरडाओरडा नाही, नाक मुरडणं नाही. एक बोट आणि एक वाक्य. ठाण्यातल्या इडलीला त्या म्हणाल्या, "चांगली आहे, पण घाईत आहे." एका नामांकित मिसळीला म्हणाल्या, "हिला राग कसला आलाय?" शहाडच्या पुढे मोहन्याच्या वाटेवर एका टपरीतला शिरा मला इतका आवडला होता की मी मनातल्या मनात काकूंची बशी संपवून टाकली. त्या शिऱ्याला त्यांनी अर्ध्यावर सोडलं आणि म्हणाल्या, "मऊ आहे. नुसताच मऊ आहे."

घोडबंदर रोडला माझ्या आग्रहाने गेलो. उंच इमारतीच्या खाली काचेचं हॉटेल, आत गारवा, टेबलावर एक चौकोनी चित्र, त्याच्यासमोर मोबाईल धरला की पदार्थांची यादी उघडे. उपमा आला तो काळ्या दगडी पाटीवर, वाटीने थापून, वर डाळिंबाचे तीन दाणे. काकांनी चष्मा गार करायला पाणी मागितलं, तर वेटरने विचारलं, "स्पार्कलिंग की साधं?" काका म्हणाले, "चष्म्याला चालेल ते."

काकूंनी एक चमचा उपमा खाल्ला. मग त्या मुलाला त्यांनी जवळ बोलावलं. "बाळा, हा उपमा कुणी केला?"

"शेफनी, मॅडम."

"त्यांना सांग, रवा भाजायचा असतो. हा नुसता घाबरवलाय."

परतताना घोडबंदर रोडने आपला धर्म पाळला. गाड्या हलेनात. मागच्या सीटवर काकूंनी डोळे मिटून मान टेकली होती. काका माझ्याशेजारी बसले होते. पुढच्या ट्रकच्या मागच्या फाळक्याकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "सुहास, तुला वाटत असेल म्हाताऱ्याला खूळ लागलंय."

"नाही हो काका."

"वाटू दे. अरे, तेहतीस वर्षं मी वाफेवर जगलो. कंपनीत वाफ, घरी वाफ. पहिली बशी माझी. आणि हिने काय खाल्लं? तळाचं. थंडगार. सगळ्यांचं उरलेलं. कधी एका शब्दाने बोलली नाही. हात मोडला तेव्हा महिनाभर मी केला नाश्ता, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की करणारा माणूस जेवायला बसतो तेव्हा सगळं निवलेलं असतं. एकदा, फक्त एकदा, हिच्यापुढे गरम बशी यावी. दुसऱ्या कुणीतरी केलेली. आणि हिने ती बसून, सावकाश, मनापासून संपवावी. एवढंच आहे माझं. मुदतीबिदतीचं सोड."

मी आरशात पाहिलं. काकूंचा एक डोळा उघडा होता. आरशात माझ्याशी नजरभेट होताच तो मिटला. मला वाटलं, बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं असणार. माझी समज तेव्हा एवढीच होती.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. बशा बोटभर सरकत राहिल्या. काकूंनी दरम्यान पुन्हा गॅस हाती घेतला होता, कारण मुदत संपेपर्यंत कराराचा कुठला भाग लागू होतो यावर दोघांचं एकमत नव्हतं. रोज साडेनऊला भिंतीपलीकडून खर्र, खर्र येई. आता हळू येई, मधे थांबून थांबून. मनगट दुखत असणार. तो आवाज आला की काका गॅलरीत येऊन उभे राहत आणि खाली रस्त्याकडे बघत. एकदा मला दिसले. चष्मा काढून हातात धरला होता.

पाडव्याला आठवडा उरला असताना काका माझ्या दारात आले. "सापडली," एवढंच म्हणाले.

मंगलाताई म्हणून एक बाई होत्या, जवळच्याच जुन्या गावातल्या. शाळेच्या भिंतीला लागून सकाळी दोन तास उभ्या राहत. टेबल, शेगडी, एक मोठा टोप आणि टोपात उपमा. दुसरं काही नाही. पाटी नाही, तारे नाहीत. काकांनी माझ्यासमोर चाचणी घेतली. झाकण उघडलं आणि तीन फुटांवर उभ्या असलेल्या काकांचा चष्मा पांढरा झाला. त्यांनी तो काढलाच नाही. तसेच आंधळे उभे राहून म्हणाले, "गंगोत्री आहे ही, सुहास."

"काय म्हनतान?" मंगलाताईंनी मला विचारलं.

"छान आहे म्हणतात."

"मंग खा ना. बघतान काय नुसता?"

पाडव्याला साडेनऊला ताजा टोप उतरवायचा, पहिली बशी काकूंची, असं ठरलं. काकांनी तीन वेळा बजावलं.

पण पाडव्याच्या सकाळी डोंबिवलीत वेळेचं कुणी ऐकत नाही. शोभायात्रा होती. काकूंनी नऊवारी नेसली होती, काकांनी भगवा फेटा बांधला होता, आणि फडके रोडवर पावलोपावली कुणीतरी काकूंच्या ओळखीचं निघत होतं. एकीचा नातू लेझीम पथकात, दुसरीची सून बुलेटवर. काका दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत. "अगं चल, वाफ जाईल!" "कसली वाफ?" "चल तू." गर्दीत फेटा सुटला, तो मी घेतला. पर्स जड होती, तीही मी घेतली. आम्ही शाळेच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि मंगलाताई टेबल पुसत होत्या.

"येवढ्या उशिरा?" त्या म्हणाल्या. "काका, दोन टोप संपले ना. त्या ढोलवाल्यांनी फडशा पाडला. तुमची बशी दहापर्यंत झाकून ठेवलेली, मंग एक पोरगी उपाशी होती, तिला दिली. आता तलाचा रायलाय. निवलाय, लागलाय पन थोडा. तो काय देऊ तुमाला?"

काकांचा चेहरा पडला. वर्षभराची मेहनत, चाळीस-बेचाळीस ठिकाणं, आणि शेवटी तळाचं, थंडगार. तेच. सवयीने ते टोपावर वाकले. चष्मा स्वच्छ. काचेतून पलीकडची शाळेची भिंत लख्ख दिसत होती.

"नको," ते म्हणाले. "चल शालू, घरी जाऊ. तू जिंकलीस."

काकू हलल्या नाहीत. त्या टोपात बघत होत्या.

"द्या," त्या म्हणाल्या.

"अगं, थंड आहे."

"द्या हो तुम्ही."

मंगलाताईंनी उलथन्याने तळाच्या खरवडीचं एक पापुद्र्यासारखं ढलपं काढून बशीत घातलं. तांबूस, तेलकट, कडेला कढीपत्त्याचं कुरकुरीत पान चिकटलेलं. काकूंनी पहिला घास घेतला. मग दुसरा. मग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं की शालिनीकाकू डोळे मिटून खातायत. बशी पुढे सरकली नाही. बशी वर गेली, तोंडाजवळ. दोन मिनिटांत ती रिकामी झाली. काकूंनी इकडे तिकडे पाहिलं, नऊवारीचा पदर खोचला आणि मंगलाताईंच्या हातातून सरळ उलथनं घेतलं. मोडलेल्या, दुखऱ्या त्याच मनगटाने त्या टोपाचा तळ खरवडू लागल्या.

खर्र. खर्र. खर्र.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. इतकी वर्षं मी त्यावर अंघोळीला गेलो होतो. कढई घासायला घेतल्याचा आवाज नव्हताच तो.

काकांनाही कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू चढत गेलं, गेजचा काटा चढावा तसं. शेजारी फेटेवाले चार तरुण उभे होते, तेही बघत राहिले.

"म्हणजे," काका म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं तू मागून बसायचीस, ते..."

काकू थांबल्या, तोंडात घास होता. म्हणून मीही जरा थांबतो आणि पुढचं सांगून टाकतो. त्या उन्हाळ्यात दोघं मुलीकडे नाशिकला राहायला गेली. आमच्या भिंतीपलीकडे आता एक आयटीवाला राहतो, तो सकाळी काहीच खात नाही. मुलीचा फोन येतो तेव्हा कळतं की तिकडे नाश्ता काका करतात, बाबा मुद्दाम गॅस मोठा ठेवून तळाला लागू देतात म्हणून ती कुरकुरते, आणि पहिली वाफ अजूनही काकाच घेतात. म्हणजे बदललं काय, तर फारसं काही नाही. पण काका आठवले की मला ते आठवतात त्या शाळेच्या भिंतीपाशी, उघड्या डोक्याने, स्वच्छ चष्म्यातून बायकोकडे प्रथमच नीट बघणारे, अर्धवट वाक्यावर अडकलेले.

काकूंनी घास गिळला. पदराने ओठ टिपले. आणि मंगलाताई, मी, चार फेटेवाले आणि शाळेची भिंत यांच्या साक्षीने, चोरी पकडली गेलेल्या मुलीसारख्या ओरडल्या :

"अहो, सांगितलं असतं तर तुम्ही अर्धी खरवड मागितली असतीत!"